मांजर चावलं तर दवाखाना कधी, आणि खर्च किती?

कुत्रा चावला की माणूस धावतपळत दवाखाना गाठतो. मांजर चावलं तर हळद दाबतो आणि पुन्हा सोयाबीनच्या पोत्यांकडे वळतो. उंदरांसाठी पाळलेलं घरचंच मांजर, जखमही टाचणी टोचल्याएवढी! पण मांजराचे दात बारीक नि अणकुचीदार असतात. जंतू खोल जातात, वरची कातडी लगेच मिटते आणि 12 ते 24 तासांत बोट सुजू लागतं.

त्यामुळे कातडी फुटली असेल, नुसता ओरखडा असला तरी, त्याच दिवशी दवाखाना. त्याआधी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवायची. तिखट, चुना, तेल काही लावायचं नाही. बोट वाकवता येत नाही, लाल रेघ हातावर चढतेय, पू किंवा ताप आहे, तर रात्र असली तरी निघा. चावा बोटाच्या सांध्यावर असेल किंवा मधुमेह असेल, तर ही लक्षणं दिसण्याचीही वाट पाहू नका.

आता पैशांचं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत. म्हणजे गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा वाशीम जिल्ह्यात कारंजाचं उपजिल्हा रुग्णालय इथे रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांना खर्च नाही. वैद्यकीय महाविद्यालयांना ही माफी लागू केलेली नव्हती आणि वाशीमला 2024 मध्ये महाविद्यालय सुरू झालं. तिथे केसपेपरचे थोडे पैसे मागितले तर दचकू नका.

पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. सरकारी दवाखान्यात सहसा कातडीत सुई देतात: पहिल्या दिवशी, मग त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खासगीत दंडात पाच सुया. एकेक साधारण साडेतीनशे-चारशेची, डॉक्टरांची फी वेगळी.

खिशाला खरा चटका बसतो तो इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा. रक्त आलं असेल तर लशीच्या जोडीला हे जखमेतच टोचावं लागतं. मात्रा वजनावर ठरते. मानवी रक्तापासून बनवलेलं घेतलं तर किलोमागे 20 युनिट, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1200. खासगीत बिल सहज पाच आकडी होतं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं किलोमागे 40 युनिट लागतं, तरी बरंच स्वस्त पडतं. हे प्रत्येक आरोग्य केंद्रात नसतं. म्हणून लशीची पहिली सुई जवळच्या केंद्रात लगेच घ्या आणि ‘इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल?’ असं तिथेच स्पष्ट विचारा. पहिल्या सुईपासून सात दिवसांच्या आत ते टोचलं तरच उपयोग.

जंतुसंसर्गासाठी डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतात. मेडिकलवाल्याकडून मनानेच अझिथ्रोमायसिन आणून गिळणं म्हणजे पैसे वाया. मांजराच्या तोंडातल्या जंतूंवर त्याचा भरवसा नाही.

मांजर घरचं असेल तर दहा दिवस नजर ठेवा, पण लस तोवर थांबवू नका. दहाव्या दिवशी ते ठणठणीत असेल तर पुढच्या सुयांचं डॉक्टर ठरवतील. लशीचं कार्डही जपून ठेवा: कोर्स पूर्ण झालेल्याला पुढच्या चाव्याला दोनच सुया पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

मोफत उपचारातही मजुरी बुडतेच, चार खेपांची. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास आहे. आधार कार्ड सोबत असू द्या.