मोटारीच्या रेडिएटरांतील पाण्याची परीक्षा

मोटारीच्या सिलिंडरांत पेट्रोल पेटतें तेव्हां क्षणभर उष्णतामान २००० अंश सेंटिग्रेडच्याही वर जातें. आणि ज्या ॲल्युमिनियमचें हेड पुष्कळदां बनविलेलें असतें, तो धातु ६६० अंशांसच वितळतो. सिलिंडरांभोंवतीं अखंड खेळणारें पाणी ही उष्णता वाहून नेतें, म्हणूनच इंजिन टिकतें. या पाण्यांत एथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्यें मिसळतात. त्या मिश्रणास कूलंट म्हणतात.

इंजिनाचा खालचा भाग ब्लॉक व वरचा भाग हेड होय. दोहोंमधील सांध्यांत गॅस्केट नांवाचा पातळ थर बसविलेला असतो. पेटलेला वायु, तेल व कूलंट या तिघांस परस्परांपासून अलग ठेवणें हें त्याचें काम. इंजिन अति तापून हेड वांकलें, कीं ही भिंत फुटते व एकाच्या घरांत दुसरा शिरतो.

परीक्षेपूर्वीं एक इशारा देणें अवश्य आहे. रेडिएटरचें झाकण आंतील दाब वातावरणाहून सुमारें एक पट अधिक राखतें. अशा दाबाखालीं साधें पाणीही सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. तापलेल्या इंजिनाचें झाकण उघडतांच दाब नाहींसा होऊन पाणी एकदम उसळतें व तोंड-हात भाजून निघतात. यास्तव इंजिन पूर्ण थंड झाल्यावांचून झाकणास हात लावूं नये.

आतां लक्षणें पाहूं. कूलंट तांबूस-तपकिरी व गढूळ असल्यास बहुधा गंज समजावा. दुधाळ व चिकट असल्यास त्यांत तेल शिरलें आहे. तेल मोजण्याच्या काडीवरील तेल दुधाळ दिसल्यास उलट तेलांत पाणी गेलें. मात्र थंडीच्या दिवसांत मोटार थोडेंच अंतर चालविल्यास तेलाच्या झाकणाखालीं वाफ गोठून पांढुरकी साय धरते. तेवढ्यावरून घाबरूं नये. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणें, व कोठें गळती नसतां कूलंट कमी होणें, हीं संशय दृढ करणारीं चिन्हें होत.

संशयाचें निराकरण रसायनशास्त्र करतें. ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रवांत नळीनें श्वास फुंकला असतां त्यांतील कार्बन डायऑक्साइडमुळें द्रव पिवळा होतो, हा प्रयोग शाळेंतही करतां येतो. कारागीर हीच युक्ति योजितात. इंजिन चालू ठेवून कूलंटच्या वरची हवा एका उपकरणानें या द्रवांतून ओढून घेतात. द्रव पिवळा झाल्यास जळलेला वायु पाण्यांत येत आहे, हें सिद्ध होतें. दोष गॅस्केटचा असेल किंवा हेडला तडा गेला असेल. तें हेड उतरवून सपाट पट्टीनें व तड्याच्या तपासणीनें ठरवावें.

परंतु द्रव निळाच राहिला व कूलंटमध्यें तर तेल आहे, अशा वेळीं काय समजावें? कित्येक इंजिनांत तेल थंड करणारा ऑइल कूलर याच पाण्यानें वेढलेला असतो. चालत्या इंजिनांत तेलाचा दाब पाण्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळें, कूलर फुटला कीं तेल पाण्यांत घुसतें, आणि तेलाची काडी मात्र बहुधा स्वच्छ राहते. स्वयंचलित गिअरपेटीचें तेलही कांहीं मोटारींत रेडिएटरांतच थंड होतें. तें शिरल्यास फेंस गुलाबीसर दिसतो. येथें घाईनें हेड उतरविल्यास मोठा खर्च होऊन थोड्याच दिवसांत तेल पुनः पाण्यांत दिसेल. ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका टॅक्सीवर चालतो, त्यास हा दुहेरी भुर्दंड सोसवणारा नाहीं.

मात्र निदान होईपर्यंत मोटार चालवूं नये; पाणीमिश्रित तेल बेअरिंगांचें रक्षण करूं शकत नाहीं. तसेंच काढलेलें कूलंट उघड्यावर ठेवूं नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असून, मुलें व मुकीं जनावरें त्यास भुलतात.

विद्यार्थिमित्रहो, एकच लक्षण अनेक कारणांपासून उद्भवतें. म्हणून एकेक कारण तपासून बाजूस सारावें, व जें उरेल त्यासच दोषी ठरवावें. हा नियम वैद्यास व न्यायाधीशास जितका लागू, तितकाच कारागिरासही लागू आहे.