पैसे नेमके कशाचे?

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहून मराठीत लिहिणाऱ्याची अडचण शेजारच्या हिंदी लेखकाला कळायची नाही. त्याच्यासाठी या शहरात हरिशंकर परसाईंनी ‘वसुधा’ नियतकालिक काढलं, ज्ञानरंजन यांनी १९७३पासून ‘पहल’ चालवलं. कच्चं लिखाण दाखवायला त्याला आजही चार घरं पायी गाठता येतात. आपल्याला संपादक हवा तर नागपूर नाहीतर पुणं, तेही फोनवरून. मग ‘संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन, सगळं एकाच रकमेत’ असं सांगणारा भेटला की तो देवमाणूसच वाटतो.

माझ्या आठवणींचं हस्तलिखित मी अशाच एका ठिकाणी दिलं होतं. परत आलं तेव्हा आजीच्या तोंडचं ‘तो येऊन राहिला’ सगळीकडे ‘तो येत आहे’ झालेलं. आमची आजी थेट सदाशिव पेठेत राहायला गेली! आणि तिसऱ्या प्रकरणात वारलेली आत्या सातव्यात अनारसे तळत होती, ती मात्र तशीच तळत राहिली. ज्याने वाचलं त्याला मी दोष देत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं काम त्याच्याकडे होतं, ते त्याने नेटाने केलं. पण पावतीवर ‘संपादन’ लिहिलं होतं आणि पैसे त्याचेच घेतले होते.

म्हणून पैसे देण्याआधी विचारायचं, की माझ्या पुस्तकाचं नेमकं काय करणार? प्रकरणांचा क्रम बदलणार, पाल्हाळ कापणार, तपशील एकमेकांशी ताडून बघणार, की फक्त वेलांट्या-उकार? उत्तर लेखी घ्यावं. संवादांना हात लावायचा नाही, हेही त्यातच लिहून टाकावं.

मेलेली आत्या सापडायला पगारी माणूस लागत नाही. त्याला असा वाचक हवा, जो नात्यातला नाही आणि कंटाळा आला तर तोंडावर सांगतो. माझं ते काम गणेशोत्सवात ओळख झालेल्या एका निवृत्त शिक्षिकेने केलं. बदल्यात मी त्यांची प्रवासवर्णनं वाचली. या देवाणघेवाणीत दोघांनी एकाच वेळी वाचायला घ्यावं. नाहीतर एकाचं झालं की दुसऱ्याचं बाड कपाटात पडून राहतं.

शुद्धलेखनाचंही निम्मं काम घरी होतं. आपण बहुतेक हिंदी शाळांत शिकलेले, त्यामुळे हाताला ‘कवि, गुरु, शक्ति’ असंच वळण. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या नियमांनुसार मराठीत ते ‘कवी, गुरू, शक्ती’. समासात मात्र ‘कविराज, गुरुदक्षिणा, शक्तिपीठ’. एवढा एक नियम लावून हस्तलिखित चाळलं तरी लाल शाईच्या खुणा किती घटतात ते बघा. अरुण फडके यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ जवळ असू द्यावं. चुका आधीच उपसलेली फाइल दिली, तर दर कमी करून मागताना आपली जीभ अडखळत नाही.

दर पानावर सांगितला तर कुणाचं पान, ते विचारा. टंकलेल्या ए-फोर पानात जेवढं बसतं, तेवढं डेमी आकाराच्या छापील पानात बसत नाही. त्याच मजकुराची पानं वाढतात आणि बिलही. शब्दांवर ठरवलेलं बरं. संवाद असलेली तीन-चार पानं नमुन्याला द्यावीत आणि त्यांचे पैसेही द्यावेत. फुकटच्या नमुन्यावर कुणी जीव ओतत नाही. आणि आयएसबीएनच्या नावाखाली कुणी रक्कम लावली, तर ती काढायला सांगा. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो क्रमांक विनाशुल्क देते. स्वतः पुस्तक छापणाऱ्या लेखकालाही तिथे अर्ज करता येतो.

शेवटचं वाचन पानं लागल्यानंतरच करून घ्या. आपण युनिकोडमध्ये टंकतो, छापखान्यात अजूनही श्री-लिपीसारखे जुने फाँट चालतात. रूपांतरात रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्या’चं भलतंच काही होतं. फाइलवर कितीही बारकाईने वाचलेलं असलं तरी या चुका तिथे दिसत नाहीत, कारण तेव्हा त्या झालेल्याच नसतात. पैशांचा दुसरा हप्ता या वाचनानंतरच द्यायचा, असं आधी ठरवून ठेवावं.