मक्याच्या शेतावरचे विमान

इ. स. १९४७ हे वर्ष विमानविद्येच्या इतिहासात वेगाचे वर्ष म्हणून प्रसिद्ध आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला अमेरिकेत चक येगर या वैमानिकाने ध्वनीचा वेग मागे टाकला. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी, ३१ ऑगस्ट रोजी, सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे एका निराळ्याच विमानाने पहिले उड्डाण केले. त्याला एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या होत्या आणि पंखांवर चक्क कापड चढविलेले होते! अशी विमाने तोवर जुनाट ठरली होती. परंतु ओलेग अँतोनोव या रचनाकाराला वेग नकोच होता. त्याला हवे होते शेतावर आणि जंगलावर सावकाश उडणारे, कोठेही उतरणारे, ओझे वाहणारे विमान. त्याचे नाव ‘अॅन-२’.

पंखांच्या दोन जोड्या असल्यामुळे हवेचा आधार भरपूर मिळतो आणि पंख आखूड ठेवूनही भागते. वरच्या पंखाच्या पुढल्या कडेला धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. विमानाचा वेग घटला की त्या हवेच्या ओढीनेच आपोआप पुढे सरकतात. वैमानिकाला काही करावे लागत नाही. म्हणूनच हे विमान अगदी मंद गतीतही एकाएकी कोसळत नाही. एक हजार अश्वशक्तीचे त्याचे इंजिन बारा उतारूंना वाहून नेते, आणि दोनशे मीटरांहून कमी धावून ते गवताळ माळावरूनही उडते. पिंपातले इंधन टाकीत ओढून घेण्यासाठी पंपसुद्धा विमानातच असतो. जेथे रस्ता नाही, दुरुस्तीचे दुकान नाही, तेथे या पंपाचे मोल काय असेल!

पिकांवर औषध फवारणे हे त्याचे मुख्य काम. रशियन लोकांनी त्याला ‘कुकुरुझ्निक’ म्हणजे ‘मकेवाला’ हे नाव दिले. खरे तर ते आधीच्या एका लहान विमानाचे नाव. वारसाहक्काने ते याच्याकडे आले. सायबेरियातील आडबाजूच्या गावांना ते टपाल पोचवी, आजाऱ्यांना इस्पितळात नेई. चाकांच्या जागी घसरपट्ट्या लावून ते बर्फावर उतरे, तरंड बांधून पाण्यावर. अंटार्क्टिकातील संशोधकांनीही ते वापरले. सोव्हिएट संघराज्यानंतर चीनमध्ये आणि १९६० पासून पोलंडमध्ये ते तयार होऊ लागले. एकूण संख्या अठरा हजारांवर गेली.

अशा उपयोगी वाहनाकडे सेनादलांचे लक्ष गेले नसते तरच नवल. पोलंड, पूर्व जर्मनी, क्यूबा, उत्तर कोरिया अशा अनेक देशांच्या सैन्यात ते दाखल झाले. छत्रीधारी सैनिकांना उड्या मारण्याचे शिक्षण देण्यास ते फार सोयीचे. पण प्रत्यक्ष लढाईत त्याची मंद गती त्याच्यावरच उलटे. १२ जानेवारी १९६८ रोजी उत्तर व्हिएतनामच्या अशा विमानांनी लाओसमधील एका डोंगरी ठाण्यावर हल्ला केला, तेव्हा एका हेलिकॉप्टरने पाठलाग करून त्यांना गाठले. हेलिकॉप्टरमधील माणसाने साध्या बंदुकीने गोळ्या झाडल्या! २०२० साली अझरबैजानने तर अशी विमाने मुद्दाम शत्रूच्या तोफांपुढे धाडली. त्यांच्यावर मारा झाला की लपलेल्या तोफांचा ठावठिकाणा कळे.

१९९१ साली क्रोएशियातील वुकोवार हे नगर वेढले गेले. आत जखमी माणसे होती आणि औषधे संपत आली होती. जवळच्या ओसिएक शहराबाहेर चेपिन येथे शेतीच्या फवारणीची काही विमाने उभी होती. त्यांच्या वैमानिकांना शेतांवरून खालून उडण्याचा सराव होता, रणांगणाचा नव्हता. तरीही रात्रीच्या अंधारात ते वुकोवारवर जात आणि औषधे व सामग्री खाली टाकत. त्याच विमानांतून त्यांनी घरगुती बनावटीचे बाँबही टाकले. १८ नोव्हेंबरला नगर पडले. उड्डाणे मात्र थांबली नाहीत. २ डिसेंबर रोजी एका क्षेपणास्त्राने त्यांतील एक विमान पाडले, आणि आतले चौघेही मृत्युमुखी पडले.