न्हावा-शेवा बंदर

मुलांनो, 'बंदर' हा शब्द ऐकून तुम्हांला कदाचित हसू आले असेल. तुमच्या घरी बंदर म्हणजे झाडावर उड्या मारणारा प्राणी. मराठीत त्या प्राण्याला माकड म्हणतात आणि जहाजे थांबण्याच्या जागेला बंदर. तुम्ही ज्याला बंदरगाह म्हणता, तेच हे. शब्द मूळचा फारसी. अरबी-फारसी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची जहाजे शतकानुशतके कोकणच्या किनाऱ्याला लागत होती. त्यांच्याबरोबर जहाज, खलाशी, जकात असे शब्दही इकडे उतरले आणि मराठीत रुळून गेले.

मुंबईचे बंदर फार जुने आहे. १८८० साली तेथे प्रिन्सेस डॉक बांधली गेली. पुढे व्हिक्टोरिया डॉक झाली. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक सुरू झाली. तिलाच आता इंदिरा गोदी म्हणतात. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटी मोठी असते. ओहोटीच्या वेळी पाणी उतरले, तर जहाज चिखलात रुतेल. म्हणून या गोदीला भक्कम दरवाजे केलेले आहेत. पाणी आत अडवून ठेवले, की बाहेर ओहोटी असली तरी आतले जहाज तरंगत राहते.

त्या काळी माल गोण्या, पेट्या आणि गठ्ठ्यांमधून येई. गोदी कामगार हातात लोखंडी आकडा घेऊन एकेक गोणी ओढत आणि पाठीवरून वाहून नेत. गोणी फाटे, माल सांडे, कधी चोरीलाही जाई. एक जहाज रिकामे करायला कित्येक दिवस लागत. तोपर्यंत मागची जहाजे समुद्रात नांगर टाकून वाट पाहत उभी राहत.

कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवला, याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजावर स्फोटके होती आणि त्याच जहाजावर कापसाचे गठ्ठे भरले होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापसाला आग लागली आणि दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले ६६ जवानही त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

बंदराचे काम खऱ्या अर्थाने बदलले ते एका साध्या लोखंडी पेटीमुळे. १९५६ साली अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाने ५८ मोठ्या पेट्या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. ट्रकमधला माल उतरवून जहाजात भरण्यापेक्षा पेटीच उचलून ठेवावी, एवढीच त्याची कल्पना. या पेटीला कंटेनर म्हणतात. तिची लांबी सहसा २० किंवा ४० फूट असते. सगळ्या जगात मापे ठरलेली असल्यामुळे मुंबईची पेटी रॉटरडॅमच्या क्रेनलाही उचलता येते. मात्र यामुळे पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माणसांचे काम कमी होत गेले, हेही विसरता येत नाही.

जुन्या मुंबई बंदराभोवती शहर दाटलेले होते. कंटेनर रचायला मोकळी जागा कोठून आणणार? म्हणून खाडीपलीकडे, रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात, न्हावा आणि शेवा या गावांजवळ नवे बंदर बांधायचे ठरले. पण ती जागा ओसाड नव्हती. तेथे भातशेती होती, मिठागरे होती, आगरी आणि कोळी लोकांची गावे होती. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी जमिनी घेताना योग्य मोबदला मिळावा, म्हणून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. त्यांचे स्मारक जासई येथे आहे. या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचे धोरण आले. प्रत्यक्ष जमीन हाती येण्यासाठी मात्र अनेक कुटुंबांना वर्षानुवर्षे थांबावे लागले.

बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव दिले. लोक मात्र आजही न्हावा-शेवाच म्हणतात. २०२३-२४ या एका वर्षात येथे, २० फुटी पेटीच्या हिशेबाने, ६४ लाखांहून अधिक कंटेनरांची चढउतार झाली.

हे काम कसे चालते, ते पाहा. जहाज जवळ आले, की बंदराचा पायलट लहान बोटीतून त्याच्यापाशी जातो आणि दोरीच्या शिडीने वर चढतो. पायलट म्हटले की तुम्हांला विमान आठवेल. हा पायलट समुद्रातली वाट दाखवतो. कोठे पाणी खोल आहे, कोठे गाळ साचला आहे, हे त्याला पाठ असते. लहान पण ताकदवान टग बोटी जहाजाला हळूहळू ढकलून धक्क्याला लावतात. मग उंच क्रेनची चौकट खाली येते, पेटीचे चारही कोपरे पकडते आणि ती अलगद ट्रेलरवर ठेवते. ट्रेलर ती आवारात नेतो. प्रत्येक पेटीवर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. हजारो पेट्यांतून हवी ती पेटी सापडते, ती या क्रमांकामुळे. कस्टमचे अधिकारी कागदपत्रे तपासतात. शंका आली तर पेटी उघडूनही पाहतात. नंतर ती रेल्वेने किंवा ट्रकने पुढे जाते.

नाशिकची द्राक्षे याच वाटेने युरोपला जातात. त्यांच्यासाठी पेटीतच थंडावा राखण्याची सोय असते. आवारात ठेवतानाही तिला वीज जोडावी लागते. काही तास वीज गेली तर शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत नासू शकते.

गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने घारापुरीची लेणी पाहायला जाल, तेव्हा या बंदराच्या क्रेन दिसतील. रात्री हे सारे बंदर दिव्यांनी उजळलेले असते. पाण्याच्या अलीकडे, घारापुरीच्या गावकऱ्यांना मात्र कित्येक वर्षे जनरेटरच्या विजेवर रोज थोडेच तास काढावे लागत. समुद्राखालून तार टाकून त्यांच्या घरांत कायमची वीज आली, ती २०१८ साली.