क्लच पेडलची कुरकुर : कारणे व उपाय

हैदराबाद शहरात नारायणगुड्याकडून आर.टी.सी. चौरस्त्याकडे जाताना चिक्कडपल्लीचा भाग लागतो. भाजीबाजार, देवालय, ग्रंथालय आणि चौरस्त्यावरील चित्रपटगृहे यांमुळे या रस्त्यावर वर्दळ फार. मालाने भरलेल्या पिकअप गाडीच्या चालकाला येथे पावलोपावली क्लच दाबावा लागतो. गाडी जुनी असेल तर पेडल दाबताना ‘कुईं’ असा आवाज होऊ लागतो. प्रथम तो सकाळीच ऐकू येतो, पुढे दिवसभर.

या आवाजाने चालक दोन प्रकारे फसतो. एक तर तो त्याकडे दुर्लक्ष करतो. नाही तर क्लच गेला असे समजून गीअरबॉक्स उतरवण्यास संमती देतो. पहिल्या चुकीने गाडी एखाद्या दिवशी भर रस्त्यात अडते. दुसरीत क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी यांवर खर्च होतो, दोन-तीन दिवसांचे भाडे बुडते आणि कित्येकदा आवाज मात्र तसाच राहतो. भाड्याच्या उत्पन्नावर ज्याचे घर चालते त्याला हा तोटा लहान नव्हे. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी आवाज नेमका कोठून येतो हे ठरवणे अगत्याचे आहे.

पेडल ही एक तरफ होय

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तरफेचे हे उत्तम उदाहरण आहे. बहुतेक पिकअप गाड्यांत पेडल वरून टांगलेले असते. वरचा आस हा टेकू, खालची पाटी ही बल लावण्याची जागा आणि मधे, आसाजवळ, क्लचकडे जाणारा दांडा किंवा वायर. म्हणजे ही दुसऱ्या प्रकारची तरफ झाली. पाटी आसापासून दांड्याच्या पाचपट अंतरावर आहे असे समजू. पायाने 10 किलोचा जोर दिला तर दांड्यावर 50 किलोचा जोर पडतो आणि उरलेला 40 किलोचा भार आसाला सोसावा लागतो. हा भार जेथे पडतो तेथे नायलॉनचा किंवा धातूचा छोटासा बुश असतो. त्यातील ग्रीस वाळले, धूळ शिरली, ओल्या पादत्राणांचे पाणी उडून गंज चढला, की आस आणि बुश एकमेकांवर सुरळीत न फिरता अडकत-सुटत सरकतात. या अडकण्या-सुटण्यातून जे कंपन होते तोच आपल्या कानी पडणारा आवाज. पावसाळ्यात तो कधी आपोआप थांबतो. पण ती पाण्याने तात्पुरती दिलेली सवलत असते. पाणी सुकले की आवाज परततो आणि गंज वाढलेला असतो.

जुन्या जीपच्या धर्तीच्या गाड्यांत पेडलचा आस तळफळीखाली असतो. भारतात मुंबईत महिंद्रांनी जीपगाड्यांची जुळणी सुरू केली, तेव्हापासूनची ही रचना आहे. रस्त्यावरचा चिखल थेट आसावर उडत असल्याने अशा गाडीत तेथील निपलमधून नियमित ग्रीस भरावे लागते. गाडी धुतल्यानंतर हे काम हमखास विसरले जाते.

आवाजाचा ठिकाणा

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत व इंजिन बंद ठेवावे. मग पेडल हाताने सावकाश दाबावे आणि सोडावे. इंजिन बंद असतानाही आवाज आला तर दोष फिरणाऱ्या भागांत नाही. तो पेडलचा आस, परतीची स्प्रिंग, दांड्याची पिन, वायर किंवा गीअरबॉक्सजवळील क्लचचा फोर्क यांपैकी कोठे तरी आहे. एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने या प्रत्येक जागी बोट टेकवून पाहावे. जेथे आवाजाबरोबर बारीक थरथर जाणवते तीच जागा. चिक्कडपल्लीत त्यागराय गानसभेच्या मैफली ऐकणारे कान पुष्कळ आहेत. पण या कामी कानापेक्षा बोट अधिक खरे सांगते.

तरीही शंका राहिल्यास एका वेळी एकाच जागी वंगणाचे दोन थेंब सोडावेत आणि पेडल दहा वेळा दाबून पाहावे. सर्वत्र एकदम तेल मारले तर आवाज बंद होईल, परंतु कोणत्या जागेचा होता हे कळणार नाही आणि पंधरवड्याने तोच शोध पुन्हा घ्यावा लागेल.

आवाज केवळ इंजिन चालू असतानाच येत असेल तर प्रकरण वेगळे. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल सोडल्यावर येत असेल व दाबल्यावर थांबत असेल तर गीअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे लागते. ही दोन्ही कामे कुशल फिटरची आहेत. त्यावर ग्रीसचा उपाय करत बसू नये.

दुरुस्ती

दोष आसाचा असेल तर प्रथम परतीची स्प्रिंग काढावी. ती ताणलेली असते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा व स्प्रिंग पकडीने धरावी. पेडल उतरवून आस बारीक पॉलिश कागदाने घासावा. त्यावर बोटाला लागेल अशी खाच पडली असेल तर केवळ ग्रीसने काम भागणार नाही. आस आणि बुश दोन्ही बदलावेत. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळणे कठीण होते, हे खरे. हैदराबादेपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील जहीराबादेत 1980 च्या दशकात अल्विन निसान कंपनीचे कॅबस्टार हे हलके ट्रक तयार होत असत. पुढे तो कारखाना महिंद्रांकडे गेला. अशा बंद झालेल्या वाहनांसाठी जाणकार कारागीर लेथवर गनमेटलचा बुश कातून देतो. माप बरोबर असल्यास तो उत्तम टिकतो.

धातूच्या बुशासाठी लिथियम ग्रीस योग्य आहे. नायलॉन आणि रबर जेथे असेल तेथे सिलिकॉन ग्रीस वापरावे. क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असल्यास मास्टर सिलिंडरच्या रबरी वॉशरला साधे इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागू देऊ नये. त्याने रबर फुगते आणि क्लच निकामी होतो. पेडलच्या वरच्या बाजूस ओल दिसली, तेथील रंग पापुद्रे धरून सुटू लागला, तर मास्टर सिलिंडर गळत आहे असे समजावे. आवाजाच्या निमित्ताने हा दोष वेळीच सापडला तर ते नशीबच म्हणायचे.

फोर्कच्या टेकूतून आवाज येत असेल तर मोह आवरावा. रबरी झाकणाच्या फटीतून भरमसाट तेल मारल्यास ते क्लचप्लेटवर जाते. मग प्लेट घसरते आणि नसलेला खर्च अंगावर येतो. पुढे कधी गीअरबॉक्स उतरेल तेव्हा या टेकूला किंचित ग्रीस लावावे आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्यावे. जुन्या क्लचप्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून तेथील धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ती फुप्फुसाला घातक आहे.

मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पेडलची तपासणी या मुदतीच्या आधी महिनाभर करून घेतल्यास धावपळ होत नाही. पंचायत समितीच्या व आरोग्य केंद्रांच्या जुन्या वाहनांबाबतही, बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने इंजिन बंद ठेवून केलेल्या तपासणीत काय आढळले एवढा एक प्रश्न आधी विचारावा.

जोडणी करताना स्प्लिट पिन नवीन घालावी. पेडलला सुरुवातीचा मोकळा हेलकावा किती हवा ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. नवा बुश बसवल्यावर तो पट्टीने मोजून पुन्हा जुळवावा. हेलकावा उरला नाही, किंवा चालकाला पेडलवर पाय टेकवून गाडी हाकण्याची सवय असली, तर रिलीज बेअरिंग सतत दबून लवकर झिजते. शेवटी पायाखालची चटई पेडलखाली सरकत नाही ना, हे पाहून पेडल तळापर्यंत दाबावे, आणि मगच इंजिन सुरू करावे.