निकालाचे पान कसे येते?



शालान्त परीक्षेच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. घरातील सारी माणसे एका मोबाइलभोवती जमली आहेत. मोठ्या बहिणीचा बैठक क्रमांक टाकून झाला आहे. पण पडद्यावर एक चक्र नुसते फिरत आहे. अम्मी विचारते, "काय झाले?" कोणाजवळच उत्तर नाही. मग कोणीतरी अधीर होऊन पुन्हा पुन्हा बटण दाबू लागते. त्या फिरणाऱ्या चक्रामागे काय चाललेले असते, ते आज आपण समजून घेऊ.

निकाल साठवलेल्या दूरच्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. आपला मोबाइल आणि सर्व्हर ठरलेल्या नियमांनी एकमेकांशी बोलतात. या नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात. निकालाचे पान आणण्याचे काम मुख्यतः दोन प्रोटोकॉल वाटून घेतात.

पहिला एच.टी.टी.पी. मागणी करणे आणि उत्तर देणे, हे त्याचे काम. मोबाइल म्हणतो, "अमुक पान द्या." सर्व्हर उत्तराबरोबर एक आकडा पाठवतो. २०० म्हणजे 'ठीक आहे, हे घ्या'. ४०४ म्हणजे 'ते पान येथे सापडले नाही'.

दुसरा टी.सी.पी. मजकूर पोचवणे, हे त्याचे काम. मजकूर निकालाचा आहे की गाण्याचा, हे तो पाहत नाही. तो पूर्ण आणि क्रमाने पोचला की नाही, एवढेच तो पाहतो. म्हणून पडद्यावर ४०४ दिसले, तर समजावे की टी.सी.पी.ने आपले काम चोख केले आहे. नकार का होईना, तो नीट पोचला!

टी.सी.पी. आधी आला. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७४ साली त्याची कल्पना मांडली. पुढे १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. मजकूर पोचवण्याची सोय आधीच तयार होती. त्यामुळे त्यांना फक्त मागणी आणि उत्तर यांचे नियम करावे लागले.

आता टी.सी.पी. कसे काम करतो ते पाहा. फोनवर आपण आधी विचारतो, "हॅलो, ऐकू येते का?" पलीकडून उत्तर येते, "हो, येते. माझे ऐकू येते का?" आपण म्हणतो, "हो." मगच खरे बोलणे सुरू होते. टी.सी.पी.सुद्धा असेच तीन निरोप देऊन-घेऊन संबंध जोडतो.

मग पानाचे लहान लहान तुकडे होतात. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. त्यात साधारणपणे दीड हजार बाइटांपर्यंत मजकूर मावतो. प्रत्येक पॅकेटावर क्रमांक असतो. वाटेत पॅकेटे मागेपुढे होतात, काही हरवतातही. वाट कोणतीच हमी देत नाही. म्हणून मिळालेल्या मजकुराची पोच पाठवली जाते. उर्दूत आपण जिला रसीद म्हणतो, तीच ही पोच. समजा, सतरावे पॅकेट हरवले. मोबाइल पुन्हा पुन्हा कळवतो, "मला सतरावे हवे." मग सर्व्हर तेवढेच पॅकेट परत पाठवतो. पोच आलीच नाही, तर काही वेळ वाट पाहूनही तो ते पुन्हा पाठवतो.

पण सगळेच एकदम घाई करू लागले तर? १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत असेच घडले. बर्कलीतील प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यात अंतर होते अवघे ४०० यार्ड. त्यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला! पोच येईना, म्हणून संगणक तीच पॅकेटे पुन्हा पाठवत. त्यामुळे गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी या घटनेचा अभ्यास करून १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला. पॅकेट हरवले की वाटेत गर्दी आहे असे समजावे आणि पाठवणाऱ्याने आपणहून वेग कमी करावा. वाट मोकळी होत गेली की हळूहळू वेग वाढवावा. हुकूम देणारा कोणी नाही. प्रत्येकाने स्वतःला आवरायचे!

एच.टी.टी.पी.ची तिसरी आवृत्ती २०२२ साली प्रमाणित झाली. ती टी.सी.पी.ऐवजी क्विक नावाचा नवा प्रोटोकॉल वापरते. पण क्रमांक, पोच आणि गर्दीत हळू चालणे, हे नियम तेथेही आहेत.

मुलांनो, निकालाच्या दिवशी चक्र फिरत राहिले, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. प्रत्येक वेळी नवी मागणी जाते आणि दमलेल्या सर्व्हरवरचा भार वाढतो. थोडे थांबा. त्याच वेळी दुसऱ्या गावात दुसऱ्या कोणाची बहीणही आपल्या निकालाची वाट पाहत असते.

स्वाध्याय

१. ४०४ हा आकडा दिसला, तर टी.सी.पी.ने आपले काम केले असे का म्हणता येते?
२. सतरावे पॅकेट हरवले, तर काय होते?
३. १९८६ साली वेग इतका का घसरला?
४. 'प्रत्येकाने स्वतःला आवरायचे' हा नियम तुमच्या शाळेत कोठे उपयोगी पडेल? पाच वाक्ये लिहा.