अल् अझिझियाचे अठ्ठावन्न अंश

उष्ण वाळवंटी हवामानाचा पाठ चालू असता, जगातील सर्वांत उष्ण ठिकाण कोणते, हा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. लिबियातील अल् अझिझिया हे त्याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकांतून कित्येक वर्षे दिले जात असे. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तेथे ५८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. जुन्या नकाशासंग्रहांत हा आकडा अद्याप आढळतो. परंतु जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली तो अग्राह्य ठरविला आहे. शिक्षकांनी केवळ नवा आकडा न सांगता, जुना का गेला हेही सांगावे.

अझिझिया हे गाव त्रिपोली शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर मैदानात वसलेले आहे. त्याच्याही दक्षिणेस नफूसाचा डोंगर आहे. सहारातून येणारा ‘गिबली’ नावाचा वारा हा डोंगर उतरून मैदानावर येतो. खाली येणारी कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते. म्हणजे मुळात भाजून निघालेली हवा आणखीच भाजते. तेव्हा तेथील उन्हाळा कडक असतो, यात संशय नाही. ५८ हा आकडा नव्वद वर्षे खपला, तो बहुधा यामुळेच.

त्या काळी तेथील निरीक्षण इटालियन सैन्याच्या किल्ल्यात होत असे. नेहमीचे उपकरण बिघडल्यामुळे सिक्स-बेलानी पद्धतीचा तापमापक वापरात आला होता. यात यू अक्षरासारखी वाकविलेली नळी असते. पारा चढला की तो एका बारीक दर्शककाडीला वर ढकलतो. पारा उतरला तरी काडी तेथेच अडकून राहते. कमाल तापमान वाचावयाचे ते काडीच्या खालच्या, म्हणजे पाऱ्याकडील टोकाशी. वरच्या टोकाशी वाचल्यास काडीच्या लांबीइतका, सुमारे ७ अंशांचा, फरक पडतो. शिक्षकांनी फळ्यावर ही नळी काढून विद्यार्थ्यांकडून दोन्ही टोकांशी वाचन करवून घ्यावे. मग वेगळे स्पष्टीकरण फारसे लागत नाही.

संघटनेच्या चौकशी समितीत लिबिया, इटली, इजिप्त इत्यादी देशांचे तज्ज्ञ होते. २०११ च्या लिबियातील क्रांतीमुळे हे काम काही महिने अडून राहिले. लिबियाचे हवामानतज्ज्ञ खालिद इब्राहिम अल् फाडली यांनी मूळ नोंदपत्रक समितीपुढे आणले होते. त्यावरून ११ सप्टेंबरपासून निरीक्षक बदलल्याचे दिसले. नव्या माणसाने काही आकडे चुकीच्या रकान्यांत भरले होते. त्याच्या नोंदी आसपासच्या ठाण्यांशी जुळत नव्हत्या, आणि त्याच ठाण्याच्या पुढील वर्षांच्या नोंदींशीही जुळत नव्हत्या. शिवाय तापमापकाखालची जमीन डांबरासारख्या पदार्थाची होती, वाळवंटाची नैसर्गिक जमीन नव्हे. त्या बिचाऱ्या निरीक्षकाला हे उपकरण वापरावयास कोणी नीट शिकविले होते की नाही, कोण जाणे!

आता अमेरिकेतील डेथ व्हॅलीमधील फर्नेस क्रीक येथील ५६.७ अंश हा उच्चांक मानला जातो. त्याची तारीख १० जुलै १९१३. त्याबद्दलही काही अभ्यासक शंका घेतात. भारतातील उच्चांक राजस्थानातील फलोदी येथील ५१ अंशांचा, १९ मे २०१६ चा आहे.

असे प्रकार जुन्या किल्ल्यांतच घडतात असे मात्र नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले. शहरातील इतर काही केंद्रांचे आकडे त्याहून पुष्कळच कमी होते, आणि हवामान खात्याने ती नोंद यंत्रातील दोषामुळे झाल्याचे सांगितले.

शाळेत तापमानाची नोंदवही ठेवावयाची असल्यास तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, गवती किंवा साध्या मातीच्या जागेत ठेवावा. पेटीचे दार उत्तरेस असावे. पत्र्याची शेड, फरसबंदी व भिंती यांपासून ती दूर असावी. वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आकड्याशेजारीच लिहावे, आणि पाळी बदलेल त्या दिवशी जुन्या व नव्या अशा दोघांनी मिळून वाचन करावे.